मधले सर्व

सोमवारी सकाळी कारखान्याचा वरचा मजला खाली आला आणि कुणाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही.

मजला कोसळला नाही, हे आधी सांगितलेलं बरं. कोसळणं वेगळं. हा सावकाश उतरला, लेथच्या दोन रांगांमधली मोकळी जागा बघून तिथे बसला, आणि त्याच्यावरची टेबलं, कपाटं, माणसं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी राहिलं. आठ वाजता पहिली पाळी आत आली तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाई मृणालिनी आरवाडे, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, ड्रिलिंग मशीनशेजारी बसून ईमेल वाचत होत्या. जिना तेवढा आडवा झाला होता. बावीस पायऱ्या जमिनीवर सपाट पडल्या होत्या. लोक सवयीने त्यांच्यावरूनच चालत होते आणि बाविसाव्या पायरीला थांबून थोडा दम खात होते.

श्रेणिक मगदूमला नवल वाटलं नाही. थोडी लाज वाटली, एवढंच. शनिवारी सुटायच्या वेळी त्यानेच सूचनाफलकावर कागद लावला होता: 'सोमवारपासून जलवेदी पंप्सची संघटना सपाट करण्यात येईल.'

कुपवाडच्या या कारखान्यात श्रेणिक सव्वीस वर्षं पर्सोनेल खात्यात होता आणि त्याचं मुख्य काम इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करणं हे होतं. कारखान्याच्या नियमांत एक जुनं कलम होतं, की कोणतीही सूचना मराठीत फलकावर लावल्याशिवाय लागू होणार नाही. कलम कामगारांच्या सोयीसाठी घातलेलं, पण त्यातला 'लागू' हा शब्द कुणी नीट वाचला नव्हता. पुण्याहून डिजिटल स्ट्रॅटेजीसाठी आलेला ईशान केसकर सहा महिने पडद्यावर चित्रं दाखवत होता. उतरंड नको, सगळे एका पातळीवर, माहिती वरून खाली न जाता चोहीकडे वाहील, असं बरंच काही. लोक माना डोलवत होते आणि जेवायच्या सुट्टीत त्याला उंटावरचा शहाणा म्हणत होते. मग मॅडमच्या लक्षात आलं की यातलं मराठीत काहीच लावलेलं नाही. सहा महिने इंग्रजीत जे झालं नाही, ते मराठीत एका रविवारात झालं.

"पुण्यात याला दोन वर्षं लागतात," केसकर ड्रिलिंग मशीनला टेकून म्हणाला. "मगदूम सर, तुम्ही कमाल केलीत."

त्याच कागदाची दुसरी ओळ होती: 'उप- ही पदे रद्द समजावीत.' उपव्यवस्थापक कुरणे यांची खुर्ची सोमवारी होती. खुर्चीच्या पाठीवर एक उजळ चौकोन होता, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा. साडेबाराला एक बाई डबा घेऊन फाटकाशी आली. कुणाचा डबा म्हणून वॉचमनने विचारलं. बाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "असू दे, तुम्हीच खावा," आणि रिकाम्या पिशवीची घडी करत निघून गेल्या.

श्रेणिकने चार जणांना कुरणेंबद्दल विचारलं. चौघांनी "कोण कुरणे?" असंच म्हटलं. आठवत होतं ते फक्त त्याला, कारण कागद त्याच्या हातचा होता. ज्याने लिहिलं त्याला विसरण्याची सवलत नव्हती. आणि थोडंफार आठवत होतं ते सिंधू आवळेंना.

"नाव नाही येत ओ तोंडात," सिंधूताई म्हणाल्या. "पण दोनशे चौदा. दोनशे चौदाला कुणीतरी होतं. रोज अकराला बायकोचा फोन."

सिंधूताई टेलिफोन ऑपरेटर. त्यांची खोली जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली होती, ना वर ना खाली. मजला उतरल्यावर ती नेमकी कारखान्याच्या मध्यावर आली. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात शिरायचा आणि मग कुठे जायचं ते त्या ठरवायच्या. विजापूरचे डीलर हिरेमठ फोनवर आधी खोकले की माल गळतोय हे त्या ओळखत, आणि तो फोन विक्री खात्याला न देता थेट फिटरला जोडत. न खोकता बोलले तर ऑर्डर. केसकरने एकदा वही काढून विचारलं होतं, हे कोणत्या नियमाने ठरतं?

"खोकल्यावरून," सिंधूताई म्हणाल्या.

त्याने वहीत काही लिहिलं नाही.

श्रेणिकचा या बाईंवर जीव होता, हे सरळच सांगतो. त्यात आडपडदा काही नाही. नऊ वर्षांपूर्वी मिरजेच्या हॉस्पिटलमधून त्याचे वडील गेल्याचा फोन आला तो आधी सिंधूताईंनी ऐकला. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला, श्रेणिकला खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं, आणि मगच जोडून दिला. तेवढ्या दोन मिनिटांवर तो नऊ वर्षं जगत होता.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दुसरा कागद दिला. कंपनीने आता माल बनवायचा नाही, प्लॅटफॉर्म व्हायचं.

"म्हणजे नेमकं काय करायचं?" श्रेणिकने विचारलं.

"काही करायचं नाही," केसकर म्हणाला. "तेच तर आहे. बनवणारे येतील, घेणारे येतील. आपण फक्त असायचं."

'प्लॅटफॉर्म' असंच देवनागरीत लिहिलं असतं तर भागलं असतं. पण श्रेणिकला शाळेत निबंधाचं बक्षीस होतं आणि मराठी शब्द असताना इंग्रजी वापरणं त्याला पाप वाटायचं. खोडी जुनी, जित्याची. त्याने लिहिलं, 'सोमवारपासून कंपनी फलाट होईल.'

सोमवारी कंपनी फलाट झाली. लेथ, फर्नेस, टेस्टिंगचा हौद, सगळं जाऊन तिथे लांबच लांब शहाबादी फरशी आली, कडेला पिवळी रेघ, आणि रेघेखाली रूळ. मॅडमच्या केबिनवर 'चौकशी' अशी पाटी आपोआप आली होती. कुपवाड-मिरजेच्या छोट्या शेडमधून पंप बनवणारे खोक्यांवर बसून होते. जत-आटपाडीकडून घेणारे येऊन समोर उभे राहात होते. त्यांचे व्यवहार त्यांच्यातच होत होते. पन्नास जणांची पाळी होती, तिला काम नव्हतं, म्हणून सगळे बाकांवर पिशव्या मांडीवर घेऊन बसले. गाडी एकही आली नाही. कुणी विचारलंही नाही. गर्दी मात्र रोज वाढत होती आणि मॅडम खूश होत्या.

फलाट म्हटल्यावर घोषणा आल्या. त्या सिंधूताईंना सांगितल्या. चार दिवस त्यांनी घोषणा दिल्या, पाचव्या दिवशी त्या चहा पीत असताना कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला, 'विजापूरचे खरेदीदार कृपया बाक क्रमांक सातजवळ यावे.' त्यांनी कप खाली ठेवला. बोलायला गेल्या तर घशात जेमतेम कुजबूज उरली होती.

"आवाज तिकडं गेला की ओ," त्या कुजबुजल्या.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. पण तो खोकला ओळखत नाही, मगदूमभाऊ. मघाशी हिरेमठ खोकले, त्यांना त्यानं सातव्या बाकावर पाठवलं. अजून बसलेत बिचारे."

श्रेणिकने पाहिलं. हिरेमठ सातव्या बाकावर बसले होते, मांडीवर गळका पंप घेऊन, धोतर ओलं.

तिसरा कागद शुक्रवारी आला. छोटाच होता. आता बनवणारा आणि घेणारा समोरासमोर आले आहेत, तेव्हा मधलं जे जे उरलं आहे ते काढून टाकायचं आणि दोन्ही टोकं थेट जोडायची. मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "हा शेवटचा, मगदूम. सोमवारपर्यंत लावा."

"मधलं म्हणजे कोण, मॅडम?"

"कोण नाही. काय. माणसांबद्दल नाहीच आहे हे," मॅडम म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. कुरणे त्यांनाही आठवत नव्हते.

श्रेणिक टेबलाशी आला आणि त्याने पेन्सिलीने, अगदी पुसट, लिहून पाहिलं: 'मधला थर काढण्यात येईल.' भूक लागली म्हणून जरा लवकरच डबा उघडला तर तीन पुड्यांच्या डब्यात दोनच पुडे. वरच्यात पोळ्या, खालच्यात भात. भाजीचा मधला पुडा गेला होता, आणि डब्याची कडी त्या दोन पुड्यांवर घट्ट बसत होती. त्याने ओळ खोडली. मग लिहिलं, 'मध्य काढण्यात येईल.' घड्याळात साडेअकराचे एकदम अडीच झाले, माध्यान्हच गेली, आणि बाकांवरच्या पन्नास जणांची जेवायची सुट्टी बुडाली. आरडाओरडा झाला. तेही खोडलं. पेन्सिलीने एवढं होतंय, तर शाईने काय होईल, म्हणून तो मॅडमचा कागद घेऊन सिंधूताईंच्या खोलीत गेला.

सिंधूताईंनी कागद वाचला. दोनदा वाचला.

"मी मधली," त्या कुजबुजल्या.

"तुम्ही ऑपरेटर आहात. पद आहे तुमचं."

"अख्खा जन्म मधेच बसले की ओ मी. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला." त्यांनी कागद परत दिला. "माझ्या पोरीला मी आठवणार नाही. तिचं लग्न व्हायचंय अजून. मांडवात उभी राहील आणि आपल्याला आई होती का नव्हती हे तिला कळायचं नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही काय कडेला आहात काय? इंग्रजीचं मराठी करणारा माणूस. तुम्हीसुद्धा मधलेच."

हे श्रेणिकच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खाली बसला. या वेळी पाणी देणारं कुणी नव्हतं, सिंधूताईसुद्धा बसल्याच होत्या.

न लावता चालणार नव्हतं. न लावणाऱ्याच्या जागी केसकर स्वतः लावेल, आणि त्याचा फोन जे मराठी देईल त्याचा नेम नाही. भलतंच काही लिहूनही चालणार नव्हतं, कारण केसकर प्रत्येक कागदासमोर फोन धरायचा आणि फोन त्याला उलट इंग्रजी करून द्यायचा. शब्द असा हवा होता, की फोनला तो मधला वाटेल आणि कारखान्याला वाटणार नाही. शनिवारी दिवसभर श्रेणिक शब्दकोश उपसत बसला. मध्यस्थ, मध्यवर्ती, अधलामधला, सगळ्यांत कुणी ना कुणी सापडत होतं. शेवटी चार वाजता त्याला सापडलं ते शब्दकोशात नव्हतं. पूर्वी कुणीतरी ध चा मा केला आणि एक जीव गेला, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. श्रेणिकने ठरवलं, आपण एक अक्षर गाळू आणि दोन जीव वाचवू.

त्याने शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कारखान्यातील मध सर्व काढण्यात येईल व दोन्ही टोके थेट जोडली जातील.'

केसकरने फोन धरला. फोनने क्षणभर विचार केला. "ऑल मिड टू बी रिमूव्ह्ड," केसकरने वाचलं. "चालेल. थोडं कच्चं आहे, पण चालेल."

सोमवारी श्रेणिक पळतच आत आला. सिंधूताई खोलीत होत्या. कानाला हेडफोन, समोर स्टीलचा पेला. त्यांचं नाव त्याला आठवत होतं, आडनावासकट. त्याला इतका आनंद झाला की त्याने खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नमस्कार केला. त्या हसल्या आणि त्यांनी बोटाने भिंतीकडे दाखवलं. भिंतीतून मध येत होता.

मध सगळीकडे होता. फायलींच्या कपाटात, 'चौकशी'च्या गल्ल्यात, पंपांच्या तोंडात, हिरेमठांच्या मांडीवर. माशी एकही नव्हती, नुसती गुणगुण होती. पाळीतल्या माणसांना आठवड्याने काम मिळालं. डबे, बादल्या, टेस्टिंगची मापं, जे हाताला लागेल त्यात त्यांनी मध भरायला घेतला, बोटं चाटत. पंप घ्यायला आलेले लोक मधच विकत घेऊ लागले. केसकर म्हणाला की अशा वळणाची कुणी कल्पनाही केली नसती, म्हणजे कल्पना त्याचीच होती.

ओळीचा दुसरा अर्धा भाग चार वाजता कळला. पाळी सुटली, माणसं पुढच्या फाटकातून बाहेर पडली आणि मागच्या फाटकातून, भंगाराच्या ढिगापाशी, आत आली. दोन्ही टोकं जोडली गेली होती. फलाट गोल झाला होता, रूळही गोल, आणि मधोमध सिंधूताईंची खोली. काहींनी तीन-तीन फेरे मारून पाहिले. मग हात धुऊन पुन्हा बाकांवर बसले. "उद्या बघू," असं एक जण म्हणाला. रस्ता, कुपवाडचा नाका, चहाची टपरी, यांतलं काही कुठल्याच फाटकाबाहेर नव्हतं.

जसजसा कडेचा मध निघत गेला, तसतसा उरलेला आत सरकत गेला. मंगळवारी दुपारी तो फक्त सिंधूताईंच्या खोलीत होता. दारावर मेण चढलं होतं, खिडकीची काच पिवळी झाली होती, आणि गुणगुण आता तिथूनच येत होती.

"तेवढा राहू दे मॅडम," श्रेणिक म्हणाला. "खूप निघालाय."

"सर्व लिहिलंय ना तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "सर्व म्हणजे सर्व. ते निघाल्याशिवाय सूचना पुरी होणार नाही, आणि सूचना पुरी झाल्याशिवाय मला वाटतं हे फाटकही सुटायचं नाही. मलाही घरी जायचंय, मगदूम."

पन्नास जणांत कुणाला मध काढता येत नव्हता. गोणपाट पेटवून धूर केला. मेणाला कोयता लावला तर कोयता चिकटला. शेवटी सगळ्यांनी श्रेणिककडे पाहिलं. शब्द त्याचा होता. त्याने बाही वर केली आणि फोनच्या वायरी जिथून आत जात, त्या भोकातून हात घातला. मध कोमट होता. कोपर गेलं, दंड गेला, खांद्याला भिंत लागली. आत कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"सिंधूताई, बाहेर या."

"बाहेर कुठं आहे मगदूमभाऊ?" कुजबूज मधातून आल्यामुळे जड झाली होती. "इथं सगळे फोन येतायत. दोनशे चौदापण आला. मी जोडून दिला."

"कुणाला?"

"त्याच्या बायकोला."

श्रेणिकला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. धूर होताच, कुणी काही म्हणालं नसतं.

केसकरला करायला काही उरलं नव्हतं. त्याच्या फोनची बॅटरी सकाळीच संपली होती. फिरत फिरत तो सूचनाफलकापाशी गेला आणि फोनशिवाय, पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी, तो कागद वाचू लागला. शब्दावर बोट ठेवून वाचत होता.

"मगदूम सर," त्याने हाक मारली, "इथे एक अक्षर राहिलंय तुमचं."

"राहू दे," श्रेणिक ओरडला.

"असं कसं? मध नाही, मधले हवं. मधले सर्व." तो हसला, अगदी आपुलकीने. "शाळेत शुद्धलेखनात मला पैकीच्या पैकी होते."

"ईशान, राहू द्या ते. हात जोडतो तुम्हाला," श्रेणिक म्हणाला. पण त्याचा एकच हात बाहेर होता.

"करून टाका," मॅडम धुरातून म्हणाल्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

केसकरने खिशातलं पेन काढलं, टोपण दातांत धरलं, आणि 'मध'च्या पुढे, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत, अक्षर काढायला घेतलं. तो सावकाश, वळणदार काढत होता.

मनगटावरची बोटं आत चाचपडली.

"मगदूमभाऊ, घट्ट धरा की."

श्रेणिकने घट्ट धरलं. नाव घेऊन धीर द्यावा म्हणून तोंड उघडलं, तर 'सिं' एवढंच आलं. फलकावर ल झाला होता. मात्रा अजून द्यायची होती.